कोणती डिस्क पुसली?

एक्स-रे विभागातले डॉक्टर फिल्म बघत जे बोलतात, ते ऐकून त्याचा रिपोर्ट टाइप करायचा, हे त्याचं काम. तो जन्मापासून अंध. फिल्म न बघता रिपोर्ट लिहिणारा मी एकटाच, असं तो स्वतःच हसत सांगायचा. डॉक्टर घाईत असले की तोंडातल्या तोंडात पुटपुटत. ते 'उजवं' म्हणाले की 'डावं', हे बाकीच्यांना तीन-तीनदा ऐकावं लागे, त्याला एकदाच. म्हणून विभागात त्याचं नाव पडलं कानसेन. आता तर रेकॉर्डिंग घरीच येत आणि रिपोर्ट घरूनच जात, पण नाव टिकलं.

त्याचा संगणक बोलायचा. पडद्यावर जे असेल ते एका बाईचा आवाज वाचून दाखवायचा, आणि त्या आवाजावर त्याचं सगळं चाले. पण त्यातली जुनी सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने तिच्याकडे पाठ फिरवली, तिच्या दुरुस्त्या देणं बंद केलं. नवी आवृत्ती त्याच्या संगणकाला पेलणार नव्हती. हॉस्पिटलचं पत्र आलं, की सोमवारपासून जुन्या सिस्टिमवरून कोणी आमच्या नेटवर्कवर येऊ नये.

मार्ग सुचवला ताईंनी. ताई म्हणजे बसस्थानकावरच्या निवृत्त उद्घोषिका. त्याही अंध, वयाने बऱ्याच मोठ्या, आणि फोनवरची त्याची जुनी ओळख. "अरे, ओपन सोर्स सिस्टिम टाक," त्या म्हणाल्या. "ती कुणाच्या मालकीची नाही, त्यामुळे कोणी बंदही करू शकत नाही. आणि टाकतानासुद्धा बोलते. डोळस माणूस लागत नाही."

ते शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात बसलं. बायको म्हणाली होती, "रविवारी मी घरी आहे, दोघं मिळून करू." ती हॉस्पिटलच्याच धुलाई विभागाची प्रमुख, शनिवारी तिला संध्याकाळी सहापर्यंत सुट्टी नसे. पण आयुष्यभर प्रत्येक पडद्यासाठी कुणाचे तरी डोळे मागितले, ही एक गोष्ट तरी आपली आपण करावी, असं त्याला वाटलं. त्याने शनिवारची सकाळ धरली.

शुक्रवारी त्याने संगणकातलं सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. कामाच्या फायली होत्याच, पण जीव अडकला होता तो आवाजांत. लोक फोटो जपतात. त्याने आवाज जपले होते. सहा वर्षांपूर्वी गेलेली आई, स्वयंपाकघरातून त्याला हाक मारताना. मुलगी, जी आता दुसऱ्या शहरात शिकते, ती 'र'ला 'ल' म्हणायची तेव्हाची. कपड्यांना इस्त्री करताना कोणी ऐकत नाही असं समजून गुणगुणणारी बायको. बावीस वर्षांचे आवाज.

सकाळी नऊला त्याने ताईंनी पाठवलेला पेनड्राइव्ह लावला आणि संगणक सुरू केला. नवा आवाज पुरुषाचा होता, पत्र्याचा डबा वाजावा तसा, पण शब्द स्पष्ट होते. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, नाव काय, पासवर्ड काय. तो उत्तरं देत गेला. हे इतकं सोपं असेल तर लोक घाबरतात कशाला, असंही त्याच्या मनात आलं.

मग आवाजाने विचारलं, सिस्टिम कोणत्या डिस्कवर टाकायची? दोन नावं वाचली. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्ही पाचशे जीबी. फरक फक्त शेवटच्या एका अक्षराचा. पहिली ती आतली, असं त्याने धरलं आणि एंटर दाबलं. या डिस्कवरची सर्व माहिती पुसली जाईल, खात्री आहे? त्याने 'हो'वर एंटर दाबलं. आतली तर पुसायचीच होती.

वीस मिनिटांनी आवाज म्हणाला, काम पूर्ण झालं, पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा. त्याने पेनड्राइव्ह काढला, एंटर दाबलं. पंखा थांबला, पुन्हा फिरू लागला.

आणि आवाज आला नाही.

त्याने मनात शंभरपर्यंत आकडे म्हटले. मग दोनशेपर्यंत. एक कळ दाबली, दुसरी दाबली. स्पीकरची वायर चाचपली, बटण फिरवून पाहिलं. काही नाही. त्याने पडद्यावर तळहात ठेवला. पडदा कोमट होता, म्हणजे उजळलेला होता. समोर काहीतरी लिहिलेलं होतं. एखादा प्रश्न असेल, एखादी चूक असेल, कदाचित 'आता पुसू का?' असंही असेल. हातभर अंतरावर ते होतं आणि त्याला कळायला मार्ग नव्हता. आपण मघाशी सहज चार-पाच कळा दाबल्या, त्यांचं काय झालं असेल, हे आठवून त्याने हात मांडीवर घेतले.

शेवटी त्याने ताईंना फोन लावला.

"घाबरू नकोस," ताई म्हणाल्या. "पहिल्यांदा आवाज रुसतो कधीकधी. बाहेरची डिस्क काढून ठेवली होतीस ना?"

तो टेबल चाचपू लागला.

"अरे, ऐकतोयस ना? काढली होतीस ना सुरू करण्याआधी?"

त्याने हात लांब केला. टेबलाच्या कडेला बाहेरची डिस्क होती, तिची वायर संगणकात होती, आणि डिस्क बारीक थरथरत होती.

"ताई, लागलेलीच आहे."

"दोन नावं वाचली होती का त्याने?"

"हो. मी पहिलं घेतलं. पहिली आतलीच असणार ना?"

"असेलच असं नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा स्थानकावरचा ठाम आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हे बघ. एकच पुसली गेलीय, एक नक्की शाबूत आहे. कोणती, ते कळेपर्यंत कशालाही हात लावू नकोस. बायको येईपर्यंत नुसता बसून राहा."

त्याने फोन ठेवला. साडेदहा झाले होते. बायको यायला साडेसात तास.

तो बसून राहिला, पण मन बसेना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. एकच पुसली कशावरून? आपण नंतर कळा दाबल्या त्याचं काय? सोमवारी डॉक्टर रेकॉर्डिंग पाठवतील आणि इकडून काहीच जाणार नाही. एखादा पेशंट रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलेला असेल. दोन दिवसांत दुसरा टाइपिस्ट शोधतील. आणि आईचा आवाज... आईची हाक मनात ऐकून पाहावी म्हणून त्याने प्रयत्न केला. ती येईना. तिचे शब्द आठवत होते, आवाज आठवत नव्हता.

सुखाचा जीव दुःखात घातला आपण. जुनी सिस्टिम जुनी होती, पण बोलत तर होती. काही नको, ती परत हवी. साडेअकराला त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. बायकोला मात्र केला नाही. तिचं 'सांगितलं होतं ना' ऐकायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

टेक्निशियन बाराला आला. तिशीतला, भरभर चालणारा, भरभर बोलणारा माणूस. आधीही दोनदा येऊन गेला होता.

"काका, हे काय फ्रीचं टाकलंत? फुकट ते पौष्टिक म्हणून?" तो खुर्ची ओढत हसला. "नाव-पासवर्ड विचारत बसलंय. सुरू झालंय तसं."

"मग बोलत का नाही?"

"या फुकट्यांचं असंच असतं. एक चाललं की दुसरं बंद. मी सांगू? माझ्याकडे तुमची जुनी सिस्टिम आहे पेनड्राइव्हवर. अर्ध्या तासात टाकून देतो. सोमवारचं सोमवारी बघू, निदान बोलेल तरी."

निदान बोलेल. त्या दोन शब्दांपुढे कानसेनला ताईंचं सांगणं आठवलंच नाही असं नाही. आठवलं. पण कॉपी बाहेरच्या डिस्कवर आहे, पहिली ती आतलीच असणार, हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते खरं वाटू लागलं होतं.

"टाक," तो म्हणाला.

"ही बाहेरची वायर काढतो हां, मला ते भोक हवंय." टक्. पेनड्राइव्ह आत गेला. संगणक पुन्हा सुरू झाला. टेक्निशियन जांभई देत माउस हलवू लागला आणि त्याच्या सवयीप्रमाणे वाचता वाचता पुटपुटू लागला. "पुढे... पुढे... मान्य आहे... एकच डिस्क, बरं झालं... भाग एक, छोटा, डिलीट... भाग दोन, चारशे दहा वापरलेले, डिलीट... भाग तीन..."

"थांब," कानसेन म्हणाला. "काय म्हणालास?"

"काही नाही काका, जुना कचरा साफ करतोय."

"चारशे दहा काय?"

"जीबी. भरलेला आहे."

"मी सकाळी टाकली ती सिस्टिम किती जागा घेते?"

"दहा-बारा घेत असेल."

"मग चारशे दहा कुठून आले?"

कानसेनने हात पुढे केला, टेबलावरून चाचपत त्याचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. ते मनगट माउसवर होतं. बोट बटणावर होतं की नाही, ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने मनगट वर उचललं.

"काका, सोडा, काही होत नाही."

"तू डिलीट म्हणालास. झालं का डिलीट?"

"नाही... म्हणजे हे नुसतं निवडलंय. खरं पुसायला शेवटचं बटण..." त्याचा भरभर बोलणारा आवाज हळू झाला. "एकच बटण राहिलंय."

"ही आतली डिस्क आहे. माझी जुनी. ही पुसलीच गेली नाही."

"मग सकाळी तुम्ही काय पुसलंत?"

"कॉपी," कानसेन म्हणाला. "आता जे आहे ते एवढंच. दुसरीकडे कुठेच नाही."

मग टेक्निशियन म्हणाला, "रद्द करतोय. वाचून दाखवतो, ऐका. 'बदल न करता बाहेर पडा.' दाबू?"

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. कानसेनने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग मनगट सोडलं.

संगणक पुन्हा सुरू झाला. या वेळी त्याला काहीच लावलेलं नव्हतं, ना पेनड्राइव्ह ना बाहेरची डिस्क. पंखा फिरला, थांबला, फिरला. कानसेन टेबलाची कड धरून उभा होता. मग स्पीकरमधून त्या बाईचा जुना, ओळखीचा आवाज आला आणि तिने त्याचं नाव घेऊन नमस्कार केला. टेक्निशियनने सरकवलेल्या खुर्चीत तो बसला.

"पाणी देऊ?" टेक्निशियनने विचारलं. दोघं पाणी प्यायले.

नंतर, अपराधी वाटलं म्हणून असेल, तो लगेच गेला नाही. आतल्या डिस्कवरचं सगळं आधी त्याने दुकानातून मागवलेल्या दोन नव्या डिस्कांवर उतरवलं. मग कानसेनला विचारून बाहेरची डिस्क लावली आणि सकाळची सिस्टिम तिच्यावरून सुरू केली. बराच वेळ तो शोधत होता. मग एकदम हसला.

"काका, ही बोलत होती हो. सकाळपासून बोलतेय. आवाज मॉनिटरकडे पाठवत होती, आणि तुमच्या मॉनिटरला स्पीकरच नाही."

त्याने आवाजाची दिशा बदलली. पत्र्याच्या डब्यासारखा तो आवाज खोलीत आला आणि विचारू लागला, पासवर्ड काय?

कानसेनला हसू आलं नाही. इतका वेळ कोणीतरी त्याच्यासमोर बसून बोलत होतं आणि त्याला ऐकू येत नव्हतं, हा विचार त्याला मघाच्या शांततेहून भीतिदायक वाटला.

"मग काय करू?" टेक्निशियनने निघताना विचारलं. "जुनीच ठेवायची?"

"आज काहीच करू नकोस," तो म्हणाला.

बायको सहाला आली. तिने चपला काढायच्या आतच त्याने सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. 'सांगितलं होतं ना' असं ती म्हणाली नाही.

"टेक्निशियनला फोन केलात, त्या ताईंना केलात," ती म्हणाली. "मला नाही केलात."

"तुझा विभाग शनिवारी..."

"चादरी दोन तास थांबल्या असत्या. तुमच्या आईंचा आवाज तुमचा एकट्याचा आहे का? त्या डिस्कवर माझी मुलगीही आहे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी जरा जास्तच वाजली.

रविवारी दोघं संगणकासमोर बसले. पुन्हा काही टाकायची गरज नव्हती. नवी सिस्टिम चुकून का होईना बाहेरच्या डिस्कवर नांदत होतीच. आतल्या जुन्या सिस्टिमला हात लावायचा नाही, तिला हॉस्पिटलशी जोडायचंही नाही, आणि काम बाहेरच्या डिस्कवरून करायचं, असं ठरलं. चूक पथ्यावर पडली, असं बायको म्हणाली. नव्या दोन डिस्कांपैकी एक तिने हॉस्पिटलमधल्या आपल्या कपाटात कुलपात ठेवायला घेतली.

सोमवारी नऊला पहिलं रेकॉर्डिंग आलं. डब्याचा आवाज एकेक अक्षर वाचत होता. दर वाक्यानंतर तो थांबे, आवाज अजून आहे ना हे बघायला एखादी कळ दाबे. सात रिपोर्टांना एरवी तास लागायचा, आज दुपार झाली.

दोन वाजता विभागातून फोन आला. फोनने नंबर वाचून दाखवला. चार वेळा वाजल्यावर त्याने उचलला.

"कानसेन," विभागातल्या कारकून बाई म्हणाल्या, "सगळे रिपोर्ट दोनदा आलेत हो. तिसरा तर तीनदा आलाय."

"पहिल्यांदा गेला की नाही, ते मला कळत नव्हतं," तो म्हणाला.

"गेला. सगळे गेले. आता जेवा."