मुठीनं मोजलेलं आभाळ

पारूनं दुधाची चरवी तशीच म्हशीपुढं टेकवली आणि ती उठून उभी राहिली. गोठ्याच्या कुडापलीकडं ऊस तुटून रान मोकळं झालं होतं, आणि त्या रानाच्या टोकाला जमिनीतून पांढरं काहीतरी वर आलं होतं. धूर म्हणावा तर हलत नव्हता. कुणी पाचट पेटवलं म्हणावं तर खाली जाळ नव्हता. मोरानं पिसारा अर्धाच उघडून तसाच धरून ठेवावा, तसा तो उजेड किंचित डावीकडं कलून उभा होता.

"आत्ती," तिनं हाक मारली. "आवं आत्ती, ह्ये काय वं?"

साळूबाई चूल सोडून बाहेर आली. तिनं पूर्वेला एकदाच बघितलं आणि सुनेचा पदर तिच्याच डोळ्यांवर ओढला.

"आत चल. शेंडेनक्षत्र हाय त्ये. पोटुशी बाईनं बघायचं नसतं. चल म्हंते न्हवं!"

पारूला सहावा महिना लागला होता. सासूनं दंडाला धरून तिला आत नेलं, कोपऱ्यात बसवलं आणि दाराला आडणा घातला. महाशिवरात्र होऊन पाच-सहा दिवस झाले होते. शहात्तर सालचा मार्च नुकता लागला होता. कारखान्याचा पाचाचा भोंगा वाजला. तो विरतो न विरतो तोच भिंतीकडच्या अंथरुणातून आवाज आला.

"शेपूट कुनीकडं हाय?"

दोघी बायका जागच्या जागी थांबल्या. बोलणारा ज्ञानू होता.

ज्ञानू तोफखान्यात होता. तोफा नेमक्या कुठं उभ्या आहेत हे मोजून सांगणाऱ्या सर्व्हेच्या तुकडीत. दिवसा खुणांवरून आणि रात्री ताऱ्यांवरून तो हे काम करी. सत्तरच्या वैशाखात त्याचं पारूशी लग्न झालं, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात सीमेवर त्याच्यापुढं चार पावलांवर सुरुंग फुटला. पाय वाचले, डोळे गेले. खडकीच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं, त्याला आता चार वर्षं होत आली होती. या चार वर्षांत तो जेवला, झोपला, पारूच्या आधारानं न्हाणीपर्यंत गेला. कुणी बोललं तर 'हूं' म्हणाला, नको असेल तर 'नगं' म्हणाला. आपण होऊन त्यानं कधी काही विचारलं नाही. बाप होणार हे पारूनं सांगितलं तेव्हाही तिचा हात धरून तो गप्पच बसून राहिला होता.

"आगं, शेपूट कुनीकडं हाय म्हंतोय मी. वर का खाली?"

"वर," पारू म्हणाली. "सरळ वर. जरा डाव्या अंगाला."

"आन डोकं?"

"डोकं न्हाई दिसलं. शेपूटच भुईतनं वर आलंया."

"दिसंल. थोड्या येळानं दिसंल." तो अंथरुणावर उठून बसला होता. "मला भाईर ने."

साळूबाई दारात आडवी उभी राहिली. "न्यायचं न्हाई. तुला दिसत न्हाई म्हनून तिनं बघायचं व्हय? पोटातलं लेकरू..."

"आय," ज्ञानू म्हणाला, "सत्तर साली देवळालीला असताना आसंच एक आलं हुतं. दीड-दोनशे जवान मैदानात हुबं ऱ्हाऊन बघत हुतो. त्यातल्या किती जनांस्नी त्याच साली पोरं झाली. नाक-डोळं समदं जागच्या जागी."

साळूबाई बाजूला झाली नाही. पण तिनं आडणाही धरून ठेवला नाही. पारूनं तो काढला.

घरामागं ज्वारीच्या मळणीसाठी खळं सारवून ठेवलं होतं. पारूच्या खांद्यावर हात ठेवून ज्ञानू तिथवर आला, अंगणापलीकडं चार वर्षांत पहिल्यांदा. अनवाणी पायांखाली सारवलेली भुई लागली तसा तो थबकला, पायाच्या बोटांनी त्यानं ती चाचपली, आणि म्हणाला, "हं. आता सांग."

"काय सांगू?"

"दिसतंय त्ये."

हे अवघड होतं. पारूनं आभाळ म्हणजे पाऊस येतोय का एवढ्यापुरतंच आजवर बघितलं होतं. "उजेड हाय," ती म्हणाली. "लांब हाय. लय लांब."

"किती लांब? हात पुढं कर. ताठ. मूठ वळ. एक डोळा झाक. आता ती मूठ भुईच्या रेघंवर ठेव आन मोज. एक मूठ म्हंजे धा डिग्री. मदली तीन बोटं म्हंजे पाच. करंगळी म्हंजे एक."

पारूनं हात पुढं केला. मूठ रानाच्या कडेवर ठेवली, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. "अडीच," ती म्हणाली. मग एकदम ओरडली, "आवं, डोकं आलं! पिवळसर हाय. चांदनीगतच हाय, पर कडंनं पुसल्यावानी."

"आन उजव्या अंगाला शुक्र दिसतोय?"

"दिसतोय. दोन मुठी लांब."

ज्ञानूनं मान हलवली. त्याचा चेहरा पूर्वेकडं होता, अगदी बरोबर त्या जागेकडं. जणू तिच्या हाताचा माग काढत त्याची मान तिथवर गेली होती.

"ह्ये पडनार तर न्हाई आपल्यावर?" पारूनं विचारलं.

"न्हाई. कोट्यवधी मैल लांब हाय."

"मंग पळत का न्हाई? तुटलेला तारा कसा सर्रदिशी जातो."

"तुटतो त्यो तारा नसतोच. भुईजवळ आलेला खडा असतो, जळून जातो. ह्ये लांब हाय म्हनून थांबल्यावानी दिसतंया. रोज याच येळंला मोज, मंग कळंल किती पळतंय."

"आन शेपूट वरच का? जळतंय तर धूर मागं ऱ्हायाला पायजे."

ज्ञानूनं पायाच्या अंगठ्यानं खळ्याची भुई घासली. उत्तर तिनंच दिलं असावं. "आपुन खळ्यावर उफनतो तवा भुसकाट कुनीकडं जातं?"

"वारं न्हेईल तिकडं."

"तसंच. सूर्य अजून रानाखाली हाय. त्याचा वारा ह्याच्या अंगावरनं जातोय आन ह्याचं भुसकाट वर उडतंया. ह्ये येऊ दे न्हाईतर जाऊ दे, शेपूट सूर्याला पाठमोरंच."

साळूबाई गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत आली होती. सुनेला हाताला धरून आत आणायचं असं ठरवूनच ती निघाली होती. तिथं ती थांबली. तिचा लेक एका दमात एवढं बोलत होता, आणि मधूनच 'न्हाई गं खुळे' असंही म्हणत होता. साळूबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. थोड्या वेळानं ती आल्या पावली परत गेली आणि तिनं चहाला आधण ठेवलं. खळ्यावर दोन कप आणून ठेवताना तिनं मान खाली घातली होती, आभाळाकडं बघितलं नाही.

त्या दिवसापासून रोज भोंग्याआधी दोघं खळ्यावर असत. भोंगा वाजला की पारू हात ताठ करी. दुसऱ्या दिवशी डोकं भोंग्याच्या वेळेलाच अर्धी मूठ वर होतं. मग एक मूठ. मग दीड. शेपूट रोज थोडं विरळ होत होतं, हेही तिनंच सांगितलं. ज्ञानू कोळशाचा खडा घेऊन घराच्या मागच्या भिंतीवर चाचपत रेघा ओढून ठेवी. कालची रेघ कुठं आहे हे त्याच्या बोटांना बरोबर आठवे.

पारूचे प्रश्न संपत नव्हते. दिवसा चांदण्या कुठं जातात? कुठंच जात नाहीत, उजेडात दिसत नाहीत. शुक्र लुकलुकत का नाही? तो ताराच नाही, आपल्या भुईसारखाच एक गोळा आहे, सूर्याच्या उजेडानं चमकतो. चंद्र आपल्याबरोबर चालतो तो का? तो लांब आहे म्हणून. बैलगाडीतनं जाताना जवळची बाभळ मागं पडते, लांबचा डोंगर पडतो का? आणि शेवटी, आभाळ संपतं कुठं? यावर ज्ञानू हसला होता. "त्ये आमच्या सुभेदारालाबी ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

भावकीतले नाथाजी एकदा पहाटे आले. थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि गावात जो तो शेंडेनक्षत्रावरून काहीबाही बोलत होता. ते घुटमळत म्हणाले, "ज्ञानू, तारीख फुडं ढकलावी म्हंत्यात लोकं."

"तात्या, ह्ये वैशाखात हितं नसनारच. पोरीचं लगीन करा."

"नक्की?"

"पारूला इचारा. मोजनारी ती हाय."

नाथाजींनी पारूकडं बघितलं. पारू लाजली, पण तिनं हात ताठ करून त्यांना मूठ कशी धरायची ते दाखवलं. म्हातारबुवांनी मूठ धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. लग्न ठरल्या दिवशीच करायचं असं जाताना सांगून गेले.

होळीच्या आदल्या पहाटे शेंडेनक्षत्र तीन मुठी वर होतं, आणि पारूला ते शोधावं लागलं. होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ दुधासारखं झालं होतं. पश्चिमेला ताटाएवढा चंद्र अजून लोंबत होता. पारूनं डोळे ताणले. डोळ्यांतून पाणी आलं तरी काही दिसेना. तिथं काही नव्हतं.

"किती?" ज्ञानूनं विचारलं.

पारूनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं दाढी केली होती. कानाच्या पाळीला साबणाचा फेस वाळून राहिला होता. हातात कोळशाचा खडा होता. हे संपलं असं सांगितलं तर तो खडा खाली ठेवून आत जाईल, आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडेल, असं तिच्या मनात आलं.

"तीन मुठी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तिनं तेच सांगितलं. शेपटाचा वाकही सांगितला, डाव्या अंगाला. तिसऱ्या दिवशी "तीन मुठी" म्हणताना ती मधेच खोकली.

ज्ञानूनं भिंतीवर रेघ ओढली नाही. तो खळ्याच्या मधोमध रोवलेल्या मेढीला टेकून बसला.

"पारू, त्ये एका जागंला तीन दीस थांबत न्हाई."

तिचा ताठ धरलेला हात खाली आला.

"आन चांदनं मला दिसत न्हाई, खरं हाय. पर होळी कवा झाली त्ये ठाऊक हाय. पुनवंच्या चांदन्यात त्ये दिसनार न्हाई. आन चांदनं सरंपातूर त्येच लांब गेलेलं आसंल."

पारू त्याच्याशेजारी खाली बसली. तिला रडू आवरेना. "मी लबाड बोलले," ती म्हणाली. "तुमी पुन्यांदा गप व्हाल म्हनून."

"मला पैल्या दिशीच कळलं हुतं."

"मंग तुमी का येत हुता रोज?"

ज्ञानूनं कोळशाचा खडा या हातातून त्या हातात घेतला. "तू किती झ्याक सांगत हुतीस," तो म्हणाला. "डाव्या अंगाला वाक म्हने. असलेलं मी तुझ्या डोळ्यानं बघितलं, आन ह्ये तीन दीस नसलेलंबी." मग तो म्हणाला, "लय उपकार हायत गं तुझं."

असं तो कधी म्हणेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं डोळे पुसले. त्यानं हात पुढं केला. तिनं त्याला उठवलं.

"आता उत्तरंला तोंड कर," तो म्हणाला. "डाव्या अंगाला, खाली, म्हातारीचं बाजलं आसंल, सप्तर्षी म्हंत्यात त्ये. तीन चोर वरल्या अंगाला."

"हाय. चांदन्यात फिकट दिसतंया, पर हाय."

"चोरांच्या इरुद्ध बाजूचं बाजल्याचं दोन पाय बघ. त्यांच्या सरळ रेघंत उजव्या हाताला ये. वाटंत काय न्हाई. मंग एकच चांदनी लागंल, एकटी."

पारूला ती सापडायला वेळ लागला. ती काही फार तेजाळ नव्हती. शेजारच्या मनुबाईच्या माळवदाच्या वर, एका जागी गप्प उभी होती.

"ध्रुव हाय त्यो. भुईपास्नं किती वर हाय?"

तिनं हात ताठ केला. एक मूठ. तिच्यावर दुसरी. "दुसरी पुरती भरत न्हाई. पावनेदोन म्हना."

"नीट बघ. सीमंवर आमी त्यो मोजला तवा सवातीन भरला हुता. माझ्याच हातानं मोजला हुता, सुरुंगाच्या आदल्या राती."

"मंग त्यो खाली आला व्हय?"

"त्यो कुठं यायचा? मानूस उत्तरंला गेला की त्यो वर चढतो, दक्षिणंला आला की उतरतो. म्हनून त्यो बघायचा. त्याच्यावरनं आपुन कुठं हाय त्ये कळतं."

साळूबाई चहा घेऊन आली. दोघं तिला पाठमोरी उभी होती. पारूचा हात पुढं होता आणि त्या हाताच्या कोपराखाली ज्ञानूनं आपला तळवा धरला होता, हात दमू नये म्हणून.

"पुन्यांदा मोज," तो म्हणाला.

पारूनं पुन्हा मोजलं. सावकाश, एक डोळा घट्ट मिटून.

"पावनेदोनच हाय."

"पावनेदोन," ज्ञानू म्हणाला. त्यानं ते स्वतःशीच आणखी एकदा म्हटलं. मग म्हणाला, "म्हंजे मी घरी हाय."

पारूनं हात बराच वेळ खाली घेतला नाही.