लाभार्थ्याने स्वतः हजर राहावे

दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या भागातले अकरा जण कोट चढवून जगावर उपकार करायला बसतात. त्याला सेवा क्लब म्हणतात. मी तिथं माईक लावतो. सहा वर्षं झाली. अध्यक्ष उभे राहिले की माझा स्पीकर आता आपणहून घरघरतो, बिचाऱ्याला सवय झालीय.

अध्यक्षांचं टाइल्सचं दुकान. चेहराही मालासारखाच, गुळगुळीत आणि थंड. ते घंटा वाजवतात. मग सचिव, म्हणजे आमचा विमा एजंट, गेल्या गुरुवारचा वृत्तांत वाचतो. त्यात काय असतं? त्याच्या आधीच्या गुरुवारचा वृत्तांत वाचून मंजूर झाला, हे. मग टाळ्या. मग खाणं. खाऊन हात पुसले की शेवटची पाच मिनिटं सेवा: बॅनर धरायचा, वस्तू द्यायची, कॅमेऱ्याकडे बघायचं. वस्तू घेणारा माणूस आहे की कपाट, हे आजवर एकानंही मान वळवून बघितलेलं नाही.

मला काय, मी मजा बघत होतो. पण माझ्या ताईला खाट लागली.

ताईचं हृदय थकलेलं. आडवी झाली की दम कोंडायचा. दीड महिना ती भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या डुलक्या काढत होती. सलग तासभर झोप नाही. डॉक्टर म्हणाले, हँडल फिरवून डोक्याची बाजू वर होते तशी खाट आणा, आणि बाईंना जिना बंद. क्लबच्या मागच्या खोलीत तशा सात खाटा होत्या. गरजूंसाठी. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

मी अर्ज केला. सचिव म्हणाला, "मिळेल की! फक्त लाभार्थ्याने स्वतः सभेला हजर राहावे. नियम आहे."

"अहो, तिला जिना उतरता आला असता तर खाट कशाला मागितली असती?"

"ते बरोबर आहे. पण मग फोटोत कोण येणार?"

"मी येतो."

"तुम्ही नातेवाईक. नातेवाइकाला ब्लँकेट देता येतं. खाट नाही."

पुढच्या गुरुवारी परत विचारलं. त्यांनी विषय चर्चेला घेतला, वीस मिनिटं चर्चा केली आणि नियम किती चांगला आहे यावर एकमत केलं. तिसऱ्या गुरुवारी अध्यक्ष मला म्हणाले, "ताईंना सांगा, इच्छाशक्ती मोठी गोष्ट आहे."

तिथंच माझं डोकं फिरलं. म्हटलं, यांना लाभार्थी पाहिजे ना, देऊ.

आमच्या जिन्याखाली भाजीवाली वहिनी बसते. बटाट्याचं पोतं ती अशी उचलते, जसं आपण तान्हं मूल उचलतो.

"वहिनी, गुरुवारी तासभर आजारी पडायचंय."

"कुणासाठी?"

"ताईसाठी."

"पडते की. मरायचं असलं तर आधी सांग, भाजी झाकून येते."

गुरुवारी नेमके मुख्य शाखेचे मोठे साहेब क्लबची पाहणी करायला आलेले. अध्यक्षांनी नवा टाय बांधलेला. मी वहिनीला चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत आत आणली. डोक्यावरून शाल, तोंडातून कण्हणं. कण्हणं जरा जास्तच झालं. पुढच्या रांगेतला डोळ्यांचा डॉक्टर दचकला आणि खुर्ची लांब घेऊन बसला. तपासायला नाही उठला.

"अंथरुणाला खिळलेल्या या भगिनीला," अध्यक्ष सुरू झाले. तेवीस मिनिटं बोलले. भगिनी दोनदा पेंगली. मग चार सभासद खाट आणायला गेले. खाट दारात अडकली. चौघं ओढतायत, ढकलतायत, एकमेकांना "तुम्ही डावीकडून घ्या हो" म्हणतायत. खाट ढिम्म.

वहिनीला बघवेना. शाल टाकली, उठली, चौघांना बाजूला सारलं आणि एकटीनं खाट उभी करून आत घेतली. वर म्हणाली, "काय रे बाप्ये तुम्ही!"

मी मनात म्हटलं, झालं, आता दोघांनाही धक्के मारून बाहेर काढतात.

तर अध्यक्षांनी माईक ओढला. डोळ्यांत पाणी! "बघा मित्रहो! आपली खाट नुसती बघितली आणि या भगिनीच्या अंगात बळ आलं! याला म्हणतात सेवा!"

टाळ्यांचा कडकडाट. मोठे साहेब उभे राहून टाळ्या वाजवतायत. मी स्पीकरमागं तोंडात रुमाल कोंबून बसलो. पण हसू आवरेपर्यंत सचिवानं पचका केला. अध्यक्षांच्या कानात म्हणाला, आणि माईक चालूच होता, पण टाळ्यांच्या गोंगाटात स्पीकरमागं मला एकट्यालाच ऐकू आलं, "या बऱ्या झाल्या. मग खाट परत ठेवू या, पुढच्या गुरुवारी होईल."

माझं हसू खाडकन उतरलं. ताई भिंतीला टेकून वाट बघत होती. मी सांगून आलो होतो, आज आणतो.

दुसरा माईक माझ्या हातातच होता. आवाज जाड केला. "आता अध्यक्ष आणि सर्व सभासद ही खाट स्वतःच्या खांद्यावरून लाभार्थ्याच्या घरी पोचवतील. मोठ्या साहेबांनी सोबत यावं, ही विनंती!"

"वा!" मोठे साहेब म्हणाले. "असा क्लब बघितला नाही!"

आता अध्यक्ष नाही म्हणतायत होय? दोन गल्ल्या आणि तीन जिने. टाय खांद्यावर गेला, कोटाची शिवण उसवली. वहिनी मागून ओरडतेय, "अहो टाइल्सवाले, कोपरा सांभाळा, भिंतीचा रंग गेला तर तुम्हीच लावून द्याल!"

वर खोलीत खरी ताई. चेहरा पांढरा, श्वास धपापतोय. सचिवाच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे मग लाभार्थी नक्की कोण?"

अध्यक्षांनी एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा ताईकडे, मग मोठ्या साहेबांकडे. "दोघी," ते म्हणाले. "एका खाटेत दोन लाभार्थी. अहवालात तसं घ्या."

आहे की नाही कमाल? लाज नावाची वस्तू क्लबच्या मागच्या खोलीतही शिल्लक नाही.

मी आणि वहिनीनं ताईला उचलून खाटेवर ठेवलं. हँडल फिरवलं. पाठ वर आली, मान टेकली. ताईनं एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. अकरा जण बॅनर उलगडून भोवती उभे.

"ताईंनी दोन शब्द बोलावेत," अध्यक्ष म्हणाले.

ताई घोरायला लागली होती.

"डोळे मिटलेत," फोटोवाला कुरकुरला.

"मग उठवा की," सचिव पुढं झाला.

वहिनीनं त्याचं मनगट धरलं. जुडी पिरगळतात तसं, हलकेच. मी अध्यक्षांच्या कानाशी लागलो. "साहेब, आता कुणी आवाज केला तर मघाशी सचिव माईकवर काय बोलले, ते मोठ्या साहेबांना मी ऐकवतो. माझ्याकडं सगळं रेकॉर्ड होतं."

होत नाही. पण त्यांना काय माहीत?

अध्यक्षांनी तोंडावर बोट ठेवलं. मग अकराच्या अकरा जणांनी बूट काढून हातात घेतले आणि भिंत धरून, चोरपावलांनी, एकामागून एक तीन जिने उतरले.