अण्णांचा इंधन-टँकर

मी एक जुना इंधनाचा टँकर आहे, मित्रांनो. विमान येऊन उभं राहिलं की त्याच्या पंखाखाली जायचं आणि त्याचं पोट भरायचं, हे माझं काम. मी भरवलेली विमानं समुद्र ओलांडून गेली. मी मात्र विमानतळाच्या कुंपणाबाहेर कधी गेलो नाही.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. कारागिरांनी पत्रे वाकवून, सांधे जोडून माझी टाकी घडवली आणि ती गळते का ते पाहायला पाण्यानं भरून ठेवली. एक थेंबही पाझरला नाही, तेव्हा मुकादमांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

विमानतळावर मला अण्णांच्या हाती सोपवलं. मला चालवायचे तेच आणि इंधन भरायचेही तेच. माणूस अबोल, पण हात नेटका. दर खेपेला ते माझ्यातलं थोडं इंधन काचेच्या बरणीत काढून उजेडात धरत. पाण्याचा अंश दिसला तर काम तिथंच थांबे. घाई करणाऱ्याला ते सांगत, वर गेल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी लावता येत नाही.

अण्णांना एकच मुलगी. तिची आई लवकर गेली. माझ्या दाराच्या मुठीला दोऱ्या बांधून अण्णांनी वेणी घालायचा सराव केला. सोबतचे लोक हसले, पण वेणी जमली.

मुलगी रसायनशास्त्र शिकली आणि दूरच्या शहरात एका कारखान्यात लागली. उपाहारगृहांतून आणलेल्या, तळून तळून काळ्या पडलेल्या तेलापासून विमानाचं इंधन करायचं काम तिथं चाललं होतं. त्याच सुमारास तिनं विमानात बसणं सोडलं. घरी यायची ती रेल्वेनं, दोन रात्री बसून.

अण्णांच्या मनाला ते फार लागलं. ती एकदा विमानतळावर त्यांना भेटायला आली, तेव्हा माझी नळी गुंडाळता गुंडाळता ते बोलून गेले, "मी जे ताट वाढतो, त्यात माझीच पोरगी जेवत नाही."

तिनं नळीचं दुसरं टोक उचलून त्यांच्या हाती दिलं. मग म्हणाली, "अण्णा, तुमच्या कामाचा मला अभिमान आहे. पण विमानाचा धूर हवा कशी तापवतो, हे कळल्यापासून मला खिडकीतून खाली बघवत नाही."

अण्णांनी नळी हुकाला अडकवली आणि पुढच्या विमानाकडे निघाले. त्यानंतर दोघं फोनवर हवापाण्याचं बोलत, पण हा विषय टाळत.

एके दिवशी दुपारी माझ्या चाकाशीच अण्णा छातीवर हात ठेवून खाली बसले. त्यांना रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. रेल्वेनं येईतो उशीर झाला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी एका विमानाच्या जिन्यावरून मी त्या मुलीला उतरताना पाहिलं. ती जवळजवळ धावतच गेली.

पुढचं मला तिच्याच बोलण्यातून कळलं. अण्णांनी डोळे उघडून विचारलं, कशानं आलीस? तिनं मान खाली घालून सांगितलं, विमानानं. अण्णांनी तिचा हात धरला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "गरजेला बसायचंच असतं. तुझं ते तेल झालं की माझ्या गाडीतून भर."

दोन दिवसांनी अण्णा गेले.

त्यानंतर विमानतळावर जमिनीखालून इंधनाचे नळ आले आणि माझं काम सुटलं. मला कुंपणाजवळ उभं केलं. माझे टायर बसले, टपावर कबुतरांनी घरटी केली. ज्यांची पोटं मी भरली, ती विमानं डोक्यावरून जात राहिली. भंगारवाला येऊन मला न्याहाळूनही गेला.

पण तो मला तोडायला नेण्याआधी अण्णांची मुलगी आली. तिच्या कारखान्याचं इंधन तयार झालं होतं आणि नेहमीच्या इंधनात मिसळून ते पहिल्यांदा आमच्या विमानतळावर भरायचं होतं. तिनं मला मागून घेतलं. तपासणी करणाऱ्या बाई आधी नाही म्हणाल्या. जुन्या टाकीचा भरवसा काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मग मला आतून धुतलं, घासलं, नळी आणि झडपा बदलल्या, पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी बाईंनी स्वतःच होकार दिला.

ते इंधन मी पोटात घेतलं, तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. धूर त्याचाही होतो. पण ज्या पिकांचं ते तेल, त्यांनी वाढताना हवेतूनच कर्ब घेतलेला असतो. म्हणून हवेवर पडणारा नवा भार कमी होतो. नाहीसा होत नाही, हेही तीच सगळ्यांना सांगत होती.

विमान उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती माझ्या दाराला टेकून रडत होती. तपासणीच्या बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही बिनधास्त विमानानं जा.

तिनं डोळे पुसले. "हे इंधन अजून थोडंच आहे, ताई. आज कुणाचे तरी वडील आजारी असतील. त्याला आधी बसू दे."

मित्रांनो, मी आता थकलो आहे. तुम्ही मोठे व्हाल, विमानात बसाल. जरूर बसा. फक्त तिकीट काढण्याआधी स्वतःला एकदा विचारा, तिथं आपली कुणी वाट पाहतंय का?