चरकाशेजारचा पेपर

मारिवेलची ही शेवटची संधी होती. मेकॅनिकलच्या ऑनलाइन मास्टर्सचा पेपर, तीन तासांचा. मागच्या खेपेला ऊस गाळायच्या चरकावरच्या माणसांची आरडाओरड ऐकून पर्यवेक्षकाने, म्हणजे कुठल्याशा शहरात बसून कॅमेऱ्यातून डोळे वटारणाऱ्या त्या प्राण्याने, 'खोलीत कोणीतरी आहे' म्हणून पेपर रद्द केला होता. फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरच्या साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या इंजिनियरने आवाज काय खिशात घालून ठेवायचा? पण नेट धड चालायचं ते कारखान्याच्या वसाहतीतच, म्हणून ती पुन्हा तिथेच बसली. फोन बाहेर ठेवायचा आणि खुर्ची सोडायची नाही. सोडली की पेपर गेला.

दोन तास बरे गेले. चौथा प्रश्न अर्धा झाला आणि चरक थांबला.

चरक थांबायचा तो संध्याकाळी सातला, धुलाईपुरता. आत्ता तीन वाजले होते. असा अवेळी तो सहा वर्षांत एकदाच थांबला होता, आणि तेव्हा चरकावरच्या रोदेलचा हात रोलरांत सापडला होता. मारिवेलच्याच पाळीत. भोंगा होईल, कोणी हाक मारेल म्हणून ती कान देऊन बसली. काहीच नाही. त्या दिवशीही असंच सगळं गप्प झालं होतं.

"मॅडम, नजर पडद्यावर ठेवा," लॅपटॉपमधून पर्यवेक्षक म्हणाला.

"तिथे माझी माणसं आहेत हो!"

"उठलात तर पेपर संपला."

ती उठली. चपला न घालताच पळत सुटली.

चरकापाशी अकराच्या अकरा माणसं धडधाकट उभी होती. हळू आवाजात बोलत ऊस वाहणारा पट्टा धूत होती. तिला पाहताच म्हातारा मुकादम तोमास, सगळ्यांचा 'नोंग' म्हणजे थोरला दादा, ओठांवर बोट ठेवून लगबगीने पुढे आला.

"अगं इंडाय, पोरी, एवढ्यात झाला पेपर? सातची धुलाई आत्ताच काढली आम्ही. म्हटलं, निदान शेवटच्या तासाला तरी त्या कॅमेऱ्यातल्या मेल्याला या वेळी चकार शब्द ऐकू येऊ द्यायचा नाही."

"मला सांगायचं तरी, नोंग."

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"पास झालीस की आख्खं डुक्कर भाजायचं हं!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे दबक्या आवाजात हसले.

मारिवेलला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. आणि सगळे जिवंत आहेत म्हणून रडूही आलं. तिने बाहीने तोंड पुसलं.

"सोपा होता," ती म्हणाली. "लवकर सुटला. बोला आता मोठ्याने."