दाराकडे येणारं पाणी

बांधकामाचे ठेकेदार गजेंद्रभाऊ यांच्या ऑफिसात काचेच्या दाराशी एक टेबल होतं, त्याच्यावर 'ग्राहक सेवा' अशी पाटी होती आणि पाटीमागे अश्विनी बसायची. तिनं खामगावातच सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं होतं, साइटवर उभं राहता येईल, नकाशे काढता येतील. पण भाऊंनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, "पोरगी बोलायले गोड आहे, लोकायचे फोन हिलेच घेऊ द्या." तेव्हापासून दोन वर्षं ती फोन घेत होती. कुणाच्या नव्या गच्चीतून पाणी झिरपायचं, कुणाच्या ओट्याचा ग्रॅनाइट हलायचा, कुणाच्या खिडकीची कडी लागत नसायची. ती सगळं रजिस्टरात लिहून घ्यायची आणि म्हणायची, "मिस्त्री पाठवते, काका." मिस्त्री पाठवणं मात्र तिच्या हातात नव्हतं. ते भाऊंच्या हातात होतं, आणि भाऊंची सगळी माणसं नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या कामावर असायची.

अन्नपूर्णाबाईंचा पहिला फोन जानेवारीत आला. त्या निवृत्त नर्स. आयुष्यभर डॉक्टरांना पेशंटची हकीकत सांगितलेली, तशीच त्यांनी बाथरूमची सांगितली. काम कधी सुरू झालं, कधी संपलं, काय ठरलं होतं, काय झालं. आवाज कुठंही चढला नाही.

"एकदा येऊन पाहून जा, बेटा," शेवटी त्या म्हणाल्या. "फोनवर समजणार नाई."

भाऊ बाहेर होते. त्यांना न विचारताच अश्विनी स्कूटी काढून गेली.

घर नीटनेटकं होतं. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खाली औषधांच्या डब्या ओळीनं मांडलेल्या. मागच्या खोलीत चाकांच्या खुर्चीत भाऊराव बसले होते, अन्नपूर्णाबाईंचे यजमान. दीड वर्षापूर्वी लकवा मारला, तेव्हापासून उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेल्या. जुनं संडास-बाथरूम अंगणाच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून. म्हणून त्यांच्या खोलीला लागून जी अडगळीची खोली होती तिथं नवं बाथरूम करून घ्यायचं ठरलं. अन्नपूर्णाबाईंनी कागदावर तीनच गोष्टी लिहून दिल्या होत्या. दार रुंद पाहिजे, दाराला उंबरा नको, आणि पाणी खोलीत यायला नको.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बादलीभर पाणी आत ओतलं.

पाणी थोडं रेंगाळलं. मग जाळी ज्या कोपऱ्यात होती त्याच्याकडे पाठ करून शांतपणे दाराकडे आलं, खोलीत शिरलं आणि खुर्चीच्या चाकाखाली पसरलं. भाऊरावांनी डावा हात उचलला. तळवा आडवा धरून त्यांनी एका बाजूनं खाली झुकवला, मग दुसऱ्या बाजूनं. घशातून एक ओढलेला आवाज आला.

"ते सांगून राह्यले, ढाळ उलटा आहे म्हणून," अन्नपूर्णाबाई पोतेरं घेत म्हणाल्या. "एकतीस वर्षं कालव्यावर होते हे. कालवा निरीक्षक. कोणत्या वावरात पाणी चढन आणि कोणत्यात नाई, नुसतं पाहून सांगत. मिस्त्री फरशी लावत होता ना, तवाच यांच्या ध्यानात आलं. असाच हात करून आवाज करून राह्यले होते. तो मिस्त्री मले म्हणे, काकू, काकाले समोरच्या खोलीत न्या, धुळीनं त्रास होते त्याईले. मी नेलं." पोतेरं पिळता पिळता त्या जरा थांबल्या. "मीच नेलं. मले वाटलं, धुळीनंच होऊन राह्यलं."

अश्विनीनं पर्समधून छोटी लेव्हल पट्टी काढली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटला. पाहायची गरजच नव्हती खरं तर. दार मापलं, तेही ठरल्यापेक्षा चार इंच कमी. दुसऱ्या घराची उरलेली चौकट इथं बसवलेली. खुर्ची जायची, पण भाऊरावांच्या बोटांची सालपटं निघायची.

"काय करा लागन?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

सगळी फरशी उचलून नव्यानं ढाळ देणं, हे एकच उत्तर होतं. ते अश्विनीला ठाऊक होतं, आणि भाऊरावांच्या डोळ्यांवरून दिसत होतं की त्यांनाही. ती म्हणाली, "भाऊंना सांगते, काकू. करून देऊ."

गजेंद्रभाऊ वाईट माणूस नव्हते. ते कुणावर ओरडत नसत, कुणाला नाही म्हणत नसत. त्यांनी अश्विनीचं सगळं ऐकून घेतलं, तिच्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाले, "पूर्ण फरशी उचला म्हणतेस? त्यात खालचा पाइप फुटला तर? दारात ग्रॅनाइटची पट्टी बसवून देऊ. पाणी अडन, विषय संपन."

"भाऊ, पण खुर्ची कशी जाईल?"

"दोन बोटांची तर पट्टी राह्यते. होऊन जाईन."

सुपडू मिस्त्री गेला आणि पट्टी बसवून आला. दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाईंचा फोन आला. पाणी खोलीत येत नाही, पण खुर्चीची पुढची चाकं पट्टीला अडतात. अश्विनीनं लिहून घेतलं. दहा दिवसांनी सुपडूनं खोलीच्या बाजूनं सिमेंटचा उतार करून दिला. मग दार उघडताना त्या उताराला घासायला लागलं. म्हणून दार खालून कापलं. उतारावरून खुर्ची चढायची, पण पलीकडे धाडकन उतरायची, आणि जिथं उतरायची तिथंच पट्टीनं अडवलेलं पाणी साचलेलं असायचं. फरशीही गुळगुळीत, चकाकणारी. खरबरीत ठरली होती, पण त्या आठवड्यात गोडाउनात होती ती लावली.

दर दुरुस्तीनंतर अश्विनी तिथं जायची आणि दर वेळी तिला दिसायचं की आधी होतं ते यापेक्षा बरं होतं. एकदा तिनं सुपडूला दारातच गाठलं. "मिस्त्री, तुम्हाला फरशी लावतानाच दिसलं नव्हतं का हो?"

सुपडूनं थापी पुसत खाली पाहिलं. "दिसलं होतं, ताई. पण अर्धी लावून झाल्ती. प्लंबर जाळी भलत्याच कोपऱ्यात ठेवून निघून गेल्ता. भाऊले फोन केला, तर भाऊ म्हणे दुपारी दुसऱ्या साइटवर पोच. म्या काय करू?" मग आत पाहत हळूच म्हणाला, "त्या बाबाचा हात दिसला मले. मले समजलं होतं त्याईचं."

अश्विनी बाजूला झाली आणि त्याला वाट दिली.

फेब्रुवारीत अन्नपूर्णाबाईंनी फोन केला तेव्हा त्यांनी काहीच तक्रार सांगितली नाही. म्हणाल्या, "आता काय करू, तूच सांग. मी त्याईले अंगणात खुर्चीवर बसवून आंघोळ घालते, साडीचा आडोसा करून. त्याईले आवडत नाई. डोळे मिटून घेतात." त्या दिवशी भाऊ ऑफिसात नव्हते. अश्विनीनं उठून काचेचं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही बुलढाण्याला ग्राहक आयोगात अर्ज द्या. करारनामा, फोटो सगळं जोडा. रजिस्टरातल्या तारखा मी लिहून देते."

"तुही नोकरी?"

"माझं नाव नका सांगू."

"नाई सांगत," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

शेजारच्या गीताबाईंना भाऊरावांजवळ बसवून त्या एसटीनं बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला गेल्या. अर्ज दिला. तारीख मिळाली. त्या तारखेला पुन्हा गेल्या, तेव्हा भाऊंच्या वकिलांनी उत्तर द्यायला मुदत मागून घेतली. नियमाप्रमाणे ती मिळाली. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी अश्विनीला फोन करून सांगितलं, "कोणी वाईट बोललं नाई. साऱ्याईनं नीट ऐकलं. पुढची तारीख दिली." कुणी वाईट बोललं असतं तर निदान रागावता आलं असतं, असं अश्विनीला त्या आवाजावरून वाटलं.

पुढची तारीख यायच्या आधी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी समता बोलते, अकोल्याहून. अन्नपूर्णाबाईंची मुलगी." आवाज आईसारखाच, सरळ. "आई बाथरूममध्ये घसरली. अंगणातली आंघोळ बाबांना नको असायची, म्हणून त्यांची खुर्ची आत नेत होती. मनगट मोडलंय. बाबा खुर्चीतच होते, त्यांना लागलं नाही. पण आई खाली पडलेली आणि ते समोर बसलेले, असा अर्धा तास गेला. गीताकाकू दूध द्यायला आल्या तेव्हा कळलं. मी दोघांना घेऊन चाललेय. तुमच्या रजिस्टरात लिहून घ्या."

अश्विनीनं लिहून घेतलं. तारीख, वेळ, तक्रारीचं स्वरूप. 'मनगट' हा शब्द त्या रकान्यात कसा बसवायचा ते तिला कळेना, म्हणून तिनं तो नुसताच लिहिला.

त्या संध्याकाळी तिनं भाऊंना पहिल्यांदा चढ्या आवाजात विचारलं, "भाऊ, आता तरी?" भाऊंनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. त्यांचाही चेहरा उतरला होता. "मी काय मुद्दाम केलं का, अश्विनी?" ते म्हणाले. "सगळी माणसं शाळेच्या कामावर आहेत. मार्च एंड आहे. एप्रिलमध्ये करू. बिलकुल पहिल्यापासून करू."

एप्रिल गेला. मे लागला. वकिलांनी भाऊंना समजावलं की आता मोडलेलं मनगटही अर्जात जोडलं गेलंय, काम करून देऊन मिटवून घ्या. मग मात्र चक्रं भराभर फिरली. गीताबाईंकडून किल्ली घेऊन अश्विनीनं घर उघडलं. सुपडूनं फरशी उचलली, पट्टी काढली, सिमेंटचा उतार फोडला. चौकट उखडून रुंद चौकट बसवली. खरबरीत फरशी आली, भिंतीत धरायला दांडा बसला. पाच दिवस अश्विनी तिथं दिवसभर उभी राहिली. डिप्लोमा केल्यापासून इतकं मनासारखं काम तिनं पाहिलं नव्हतं. सुपडूही गप्प राहून काम करत होता, प्रत्येक ओळीला लेव्हल लावत होता. ज्या खोलीत भाऊराव बसायचे तिथं आता नुसता पलंग होता, गादी गुंडाळून ठेवलेला.

शेवटच्या दिवशी तिनं बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरळ जाळीकडे गेलं. दाराशी एक थेंबही आला नाही.

तिनं तिथूनच फोन लावला. "काकू, झालं."

"पाणी कोणीकडं जाते?"

"जाळीकडे."

अन्नपूर्णाबाईंनी फोन जरा लांब धरला. "अहो, ऐकलं का? पाणी जाळीकडं जाते म्हणते." मग त्या परत फोनवर आल्या. "झोपेत आहेत बहुतेक."

"तुम्ही कधी येता?"

"आता ते खुर्चीत बसतच नाईत, बेटा. मी पडली त्या दिवसापासून. दोघांनी धरून बसवलं तरी पलंगाची कड सोडत नाईत. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे. सगळं पलंगावरच करतो आता. तू खिडक्या लावून घे, धूळ जाते."

भाऊंनी सकाळीच सांगितलं होतं, काम पाहून अन्नपूर्णाबाईंकडून व्हॉट्सअॅपवर दोन ओळी घे, अर्ज मागे घ्यायला बरं पडते. अश्विनीनं ठरवलं होतं की हे विचारायचंच नाही. पण फोन संपत आला तसे तिच्या तोंडून शब्द निघाले. "काकू, भाऊ म्हणत होते, एक मेसेज…"

"समाधानाचा? हाव, देते." त्यांना राग आला नाही. "पण माह्या हाताचं अजून बरोबर नाई, टाइप होत नाई. तूच लिहून पाठव. मी परत पाठवते."

बाथरूमच्या दारात उभं राहून अश्विनीनं लिहिलं. 'आमच्या तक्रारीप्रमाणे काम पूर्ण झाले. आम्ही समाधानी आहोत.' पाठवलं. दोन मिनिटांनी तेच शब्द अन्नपूर्णाबाईंच्या नंबरवरून तिच्याकडे परत आले. खाली फक्त 'जयभीम' वाढवलेलं होतं. तिनं मेसेज भाऊंना पाठवून दिला.

खिडक्या लावून, कुलूप घालून ती किल्ली द्यायला गेली. गीताबाई म्हणाल्या, "एक डाव मले पाहू द्या नं." तेव्हा पुन्हा कुलूप काढलं. गीताबाई चपला बाहेर काढून आत गेल्या. फरशीवर पाय फिरवून पाहिला, भिंतीतला दांडा धरून पाहिला, रुंद दारातून दोनदा ये-जा केली.

"लई मस्त केलं हो," त्या म्हणाल्या. "माह्या सासूले असंच पाहिजे. तिचेही गुडघे गेले. तुमच्या भाऊचा नंबर देता का?"

अश्विनीनं त्यांच्याकडे पाहिलं. "काम चालू असताना तुम्ही स्वतः उभ्या राहाल का?"

"मले काय समजते त्यातलं?" गीताबाई हसल्या आणि पदराच्या टोकानं दांड्यावरची धूळ पुसत मोबाइल पुढे केला. "तुम्हीच टाका त्याच्यात."

अश्विनीनं नंबर टाकला.