न मागवलेलं औषध

“आजही नाही आलं गं बाळा,” ग्लेनिस म्हणाली. “ट्रकवाल्यांना मेल्यांना कशाची पडलेली नसते!”

असं ती तिसऱ्यांदा सांगत होती. ऑस्ट्रेलियातल्या, मेंढ्यांवर जगणाऱ्या त्या आडगावात औषधांचं दुकान एकच, ग्लेनिसचं. ब्रिस्बेनहून मालाचा ट्रक यायचा मंगळवारी आणि शुक्रवारी. ट्रकवर खापर फोडलं की कोणी पुढे काही विचारत नसे.

केरिन लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीत स्वयंपाक करायची. पदरात तीन पोरं. तिसऱ्या बाळंतपणात हृदय दगा देता देता राहिलं होतं. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी गेले. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून, फोनवर सगळी चौकशी करून गर्भपाताच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पण त्या नऊ आठवडे भरायच्या आत घ्यायला हव्या होत्या.

“शुक्रवारी नऊ भरतात,” केरिन हळूच म्हणाली. मागे माणसं उभी होती. “तोवर येईल ना नक्की?”

“येईल गं.”

ग्लेनिसने औषध मागवलंच नव्हतं. तिच्या मनाला ते पटत नव्हतं, आणि तोंडावर नाही म्हणून वाईटपणाही घ्यायचा नव्हता. चार दिवस ढकलले की पोरगी आपसूक विचार बदलेल, असं तिला वाटलं.

शुक्रवार गेला. रविवारी केरिनने कुणाकडून तरी मिळवलेल्या बिननावाच्या गोळ्या घेतल्या. थोरल्या मुलीला ती रक्ताच्या थारोळ्यात सापडली.

सोमवारी दवाखान्यातली नर्स नोरीन तरातरा दुकानात आली.

“जिवंत आहे. विमानाने शहरात नेतायत, पुढचं काही सांगता येत नाही. मी ब्रिस्बेनच्या घाऊक औषधवाल्यांना फोन केला होता, ग्लेनिस. तू मागणीच नोंदवली नव्हतीस!”

“मला त्या पापात हात नको होता. माझं मन...”

“तुझं मन तुझ्यापाशी ठेव! सरळ नाही म्हणाली असतीस तर दोन तास गाडी हाकून ती पुढच्या गावातून घेऊन आली असती. फोनवर डॉक्टरीणबाई होत्या, इथे मी होते, काही झालं असतं तर दवाखाना उघडा होता. दहा दिवस तू तिला आशेवर बसवलंस. अगं, नऊ आठवडे उलटले तरी शहरात उपाय होता. तो तिला सांगणारं कोण होतं इथे? हेच का तुझं पुण्य?”

 ग्लेनिस तशीच दवाखान्यात धावली. केरिन पांढरीफटक पडली होती.

“आलीस?” ती पुटपुटली. “माझ्यापायी ट्रकवाल्यांशी भांडू नकोस हं.”

ग्लेनिसला रडू फुटलं. “त्यांचा दोष नव्हता गं! मी मागवलंच नव्हतं!”

 केरिनने तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने तिला विमानात चढवलं.

त्याच दुपारी ग्लेनिसने ते औषध मागवलं. आता ते तिच्या दुकानात कायम असतं. केरिन अजून शहरातल्या हॉस्पिटलातच आहे, आणि तिची पोरं शेजाऱ्यांकडे.

वाचकहो, ज्याचं त्याचं मत ज्याला त्याला असू द्या. पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध वेळेत मिळालं तर बाईचा जीव वाचतो. आपल्याला द्यायचं नसेल तर त्याच क्षणी तसं सांगावं आणि दुसरी वाट दाखवावी. तिचे दिवस वाया घालवायचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही!