चालू आहे

रिपोर्टरला दोन कान असतात, दोन हात असतात आणि तोंड नसतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं गेलं आणि एकतीस वर्षं मी ते पाळलं. घरी माझं तोंड कधी बंद नसतं, ते सोडा. पण समितीच्या खोलीत मी खोकलासुद्धा गिळलाय.

लोकलेखा समिती म्हणजे सरकारनं पैसा कुठे घातला आणि त्यातून लोकांच्या हाती काय आलं, हे विचारणारी आमदारांची समिती. घोड्याच्या नालेच्या आकाराचं लांब टेबल, एका टोकाला अध्यक्ष, समोर खात्याचे सचिव, आणि मधल्या मोकळ्या जागेत आमचं चिमुकलं टेबल. जो काही शब्द बोलला जाईल तो लघुलिपीत उतरवायचा. दहा मिनिटं झाली की दुसरी रिपोर्टर येऊन शेजारी बसते, तिची पेन्सिल चालायला लागली की आपण उठायचं आणि जाऊन टाइप करायचं.

आता बोललेलं जसंच्या तसं कागदावर चालत नाही. माणसं निम्मं वाक्य तोंडानं बोलतात आणि निम्मं हातानं. ‘ते झालंय हो, ते तेवढं राहिलंय,’ असं सचिव म्हणाले की त्यातलं कुठलं ‘ते’ झालंय आणि कुठलं राहिलंय, हे आम्ही शोधून भरायचं. या भरण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. नव्या मुलींना सांगायचे, “ताईंचा उतारा बघा. त्यांच्या हातून कधी ध चा मा व्हायचा नाही.” मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

एका रविवारी सकाळी माझा धाकटा भाऊ आला. पन्नाशी उलटून गेली तरी आमच्यासाठी तो बारक्याच. सरकारी रुग्णालयात स्ट्रेचर ओढायचं काम करतो, तिथे सगळे त्याला मामा म्हणतात. येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला, चहाही नको म्हणाला, आणि खिशातून चौघडी केलेला कागद काढला.

“ताई, यात तुझ्या ऑफिसचं नाव आहे. वाचून सांग मला.”

सहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते मला माहीत होतं. तळमजल्यावर एक बाई बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, सगळं नीट. मग आईचा रक्तस्राव थांबेना. ऑपरेशनची खोली तिसऱ्या मजल्यावर. बारक्या आणि त्याचा जोडीदार तिला जिन्यानं वर नेत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती गेली.

कागद चौकशीचा होता. लिफ्ट चालू असतानाही सदर कर्मचाऱ्यांनी रुग्णास जिन्याने नेले, त्यामुळे विलंब झाला, सबब सेवेतून का काढून टाकू नये, पंधरा दिवसांत खुलासा करावा.

“लिफ्ट होती का रे?”

“दार होतं. आत सिमेंटची पोती आणि फरशी पुसायचं सामान. आम्ही तिला कोठी म्हणायचो, ताई. ‘जा रे, लिफ्टमधून बादली आण,’ असं.” तो थोडा हसला आणि लगेच थांबला. “ती बाई गेल्यावर नवव्या दिवशी चालू केली. चौकशीचा साहेब त्याच लिफ्टनं वर आला. म्हणाला, चालतेय की.”

“आणि तुझे डॉक्टर? सिस्टर?”

“सगळ्यांनी कानावर हात ठेवले.” मग तो खाली बघून म्हणाला, “त्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही. उभं करावं लागतं. तिला उभं कसं करणार? मी खालच्या बाजूला होतो. मला म्हणाली, मामा, सोडू नका. मी सोडलं नाही गं.”

माझं डोकंच फिरलं. “चोर सोडून संन्याशाला फाशी! लिफ्ट चालू होती म्हणे! कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?”

“खाली आहे बघ,” बारक्या म्हणाला.

खाली बारीक अक्षरात होतं: आधार, लोकलेखा समितीचा अहवाल, पृष्ठ एक्केचाळीस.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी तो अहवाल काढला. दोन वर्षांपूर्वीचा. पान एक्केचाळीस: ‘सचिवांनी साक्षीत सांगितले की, रुग्णालयातील लिफ्ट चालू आहे. समिती समाधान व्यक्त करते व हा विषय संपुष्टात आणते.’ मागे साक्षीचा उतारा जोडलेला होता. त्या पानाच्या कोपऱ्यात रिपोर्टरची खूण होती आणि ती माझी होती.

तरी मनाला म्हटलं, सचिव बोलले असतील तसंच, मी काय करणार. आमच्या वह्या तीन वर्षं ठेवतात, मग लगद्याला जातात. खाली तळघरात पोत्यांमध्ये असतात. जेवणाच्या सुट्टीत जाऊन मी पोती उपसली. धुळीनं नाक भरलं, साडीची वाट लागली, पण वही मिळाली. माझीच पेन्सिल, माझंच वळण. अध्यक्षांनी विचारलं होतं, “लिफ्टचं काय?” आणि सचिव म्हणाले होते, “चालू आहे, चालू आहे.”

बस्स, एवढंच.

मुलीच्या लग्नाचं चालू आहे म्हणतो आपण, तेव्हा मुलगी अजून घरातच असते. लिफ्टचं चालू आहे म्हणजे फाइल फिरतेय, वायरमन येतोय, बघू. आणि मी काय टाइप केलं होतं? ‘रुग्णालयातील लिफ्ट चालू आहे.’ वाक्य पुरं, स्वच्छ, गोळीबंद. एक ‘चं’ मी पुसला होता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तिला उभी सोलली असती.

उतारा आधी खात्याकडे दुरुस्तीला जातो. त्यांनी काय दुरुस्त केलं होतं तेही मी पाहिलं. तीन ठिकाणी स्वल्पविराम. लिफ्टचं वाक्य तसंच ठेवून खाली सही. आयतं ताटात पडल्यावर कोण नको म्हणतो? तेव्हापासून कागदावर ती लिफ्ट दोन वर्षं वर-खाली करत होती आणि कुणी पुन्हा विचारायचं कारणच उरलं नव्हतं.

आमच्या मुख्य रिपोर्टरला मी हे दाखवलं. पोरगी माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिनं दार लावून घेतलं.

“ताई, खात्यानं सही केलीय. तुमच्यावर काही येत नाही.”

“बारक्यावर येतंय.”

“तुमचे तीन महिने राहिलेत. आणि भाऊ आहे म्हटल्यावर लोक काय म्हणतील? भावासाठी वही फिरवली म्हणतील.” तिचे डोळे भरले होते, वाईट बोलत नव्हती ती. “टिपण द्या, मी वर पाठवते. रीतसर जाऊ दे.”

टिपण दिलं. ते रीतसर गेलं आणि रीतसर कुठेतरी बसलं. बारक्याच्या पंधरा दिवसांतले अकरा संपले.

बाराव्या दिवशी समितीनं त्याच रुग्णालयाचा विषय पुन्हा घेतला होता. बाईच्या मृत्यूचा गाजावाजा झाला होता म्हणून. मधल्या काळात निवडणूक होऊन अध्यक्ष बदलले होते. नवे अध्यक्ष तिखट, पण कागदाला धरून चालणारे. सचिव मात्र तेच. दोन वर्षांपूर्वी त्या रुग्णालयाच्या बाबतीत खरोखर चालू असं काही असेल तर ते हे सचिवच.

मी वही पिशवीत घालून नेली. पाळी माझी आली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

अध्यक्षांनी विचारलं, “लिफ्ट असताना बाईंना जिन्यानं का नेलं?”

सचिव म्हणाले, “हलगर्जीपणा, साहेब. दोघांवर कारवाई चालू आहे.”

माझी पेन्सिल लिहीत होती. ‘कारवाई’ लिहिलं. ‘चालू’ लिहिलं.

“लिफ्ट त्या दिवशी सुरू होती याला आधार?”

“आपल्याच समितीचा अहवाल आहे, साहेब. पान एक्केचाळीस. समितीनं समाधान व्यक्त केलेलं आहे.”

अध्यक्षांनी पान उलटलं, वाचलं, मान हलवली. दुसरी रिपोर्टर दारातून आत येताना मला दिसली. तिनं येऊन बसावं आणि मी उठावं, एवढीच फट होती. तिची पेन्सिल चालायला लागली की मी बाहेर, आणि बारक्या घरी.

“ते वाक्य सचिवांचं नाही,” मी म्हणाले.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. खोलीत सगळ्या माना इकडेतिकडे झाल्या. कोण बोललं ते कुणाला कळेना, कारण त्या टेबलाशी बोलणारं कुणी बसतच नाही. आमच्या त्या दुसऱ्या रिपोर्टरनं दाराशीच तोंडावर हात ठेवला.

“कोण? बाई, तुम्ही?” अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. “तुम्हाला इथे बोलता येत नाही.”

“माहीत आहे, साहेब. एकतीस वर्षं माहीत आहे. ते वाक्य माझं आहे. आधीच्या अध्यक्षांनी ‘लिफ्टचं काय’ विचारलं, सचिवसाहेब म्हणाले ‘चालू आहे’. लिफ्ट चालू आहे असं ते बोललेच नाहीत. ते मी भरलं. ही वही.” मी वही टेबलावर ठेवली. “आणि ज्यांच्यावर कारवाई चाललीय त्यांतला एक माझा सख्खा भाऊ आहे. नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगते. पण वही भावाची नाही, समितीची आहे. लघुलिपी येणाऱ्या कुणालाही बोलवा आणि वाचून घ्या.”

मग अध्यक्षांची नजर माझ्या हाताकडे गेली.

“बाई, तुम्ही बोलताय. मग हे लिहितंय कोण?”

“मीच लिहितेय, साहेब. दोन्ही.”

खरंच लिहीत होते. सवयीनं हात थांबला नव्हता. फक्त बोलणाऱ्याच्या जागी कोणाचं नाव टाकायचं हे सुचेना, म्हणून तिथे मोकळी जागा सोडली होती.

अध्यक्ष बराच वेळ वहीकडे बघत राहिले. वाचता त्यांना येत नव्हती, नुसतेच बघत होते. मग सचिवांकडे वळले. “मला ‘चालू’ नको. तो शब्दच नको. ज्या दिवशी ती बाई गेली, त्या दिवशी ती लिफ्ट माणसाला खालून वर नेत होती का? हो की नाही?”

“तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर, साहेब...”

“हो की नाही?”

सचिवांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. “नाही.”

मी ‘नाही’ लिहिलं. लघुलिपीत फार छोटी खूण आहे ती.

मला मेमो मिळाला. समितीच्या कामकाजात व्यत्यय आणला म्हणून आणि चुकीचा उतारा दिला म्हणून. दोन्ही खरं होतं, मी सही करून घेतला. निवृत्तीचा समारंभ झाला नाही. बारक्यावरची कारवाई मागे घेतली गेली. तो पुन्हा कामावर गेला. मला वाटलं होतं, येऊन गळ्यात पडेल, ताई ताई करेल. आला, पण तसाच उंबऱ्यात बसला.

“ताई, दोन वर्षांपूर्वीच तू नीट लिहिलं असतंस, तर लिफ्ट झाली असती का गं?”

रागानं नव्हता विचारत. खरंच विचारत होता.

“माहीत नाही रे,” मी म्हटलं. “निदान समितीनं पुन्हा विचारलं तरी असतं.”

मग म्हणाला, “तिच्या नवऱ्याला मी तेव्हा सांगितलं होतं, लिफ्ट बंद होती. तो म्हणाला, साहेब तर कागद दाखवतात, तूच कामचुकार. नवा कागद निघाला की त्याला नेऊन दे. तूच दे.”

नवा अहवाल सभागृहात मांडला गेला, म्हणजे तो सगळ्यांचा कागद झाला, तेव्हा मी निवृत्त होऊन महिना झाला होता. सोबत शुद्धिपत्र होतं, एकाच ओळीचं: ‘पृष्ठ एक्केचाळीस, ओळ नऊ, “लिफ्ट चालू आहे” याऐवजी “लिफ्टचे काम चालू आहे” असे वाचावे.’ आम्ही दोघं गेलो. त्या बाईचा नवरा वेल्डिंगचं काम करतो, दुकानामागेच एक खोली. मुलगी त्याच्या कडेवर होती, वर्षाची होत आलेली, त्याच्या शर्टाचं बटण चावत होती.

त्यानं उभ्यानंच वाचलं. ओठ हलत होते. मग बारक्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मामा, माफ करा.” बारक्यानं नुसती मान हलवली.

“आधीचं ते कुणी लिहिलं होतं?” त्यानं मला विचारलं.

वाटेत मी या प्रश्नाची दहा उत्तरं जुळवली होती. पुरी, स्वच्छ वाक्यं.

“मी,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हाकलतो. हाकललं असतं तरी मी काय म्हणणार होते? मुलीनं हात पुढे करून कागद ओढला, त्यानं तो हळूच सोडवून घेतला.

“तोही आहे का तुमच्याजवळ? आधीचा?”

“आहे.”

“मग दोन्ही द्या. ही मोठी झाली की विचारेल मला.”

पिशवीतून मी पान एक्केचाळीस काढलं आणि त्याच्या हातात दिलं.